विद्यापीठांची पंगत आणि बहुजनांचें पान

केंद्र सरकारचें शिक्षण खातें देशांतील विद्यापीठांची क्रमवारी लावतें. पहिली यादी २०१६ सालीं निघाली. यादी निघाली कीं वरच्या नंबरांचीं विद्यापीठें पानपानभर जाहिराती देतात, आणि आमचा शेतकरी बाप पोराच्या फीचे पैसे कनवटीस लावून गांवच्या मास्तरांस विचारतो, "चांगलें कोणतें?" मास्तर यादीवर बोट ठेवतात. ज्या यादीवर पोरांचें नशीब ठरूं लागलें आहे ती होते कशी, हें आमच्या वाचकांनीं एकदां नीट समजून घ्यावें.

मूळ आराखड्यांत शंभर गुण असे वांटले आहेत: शिकवणें व साधनें ३०, संशोधन ३०, निकाल व पुढील वाटचाल २०, सर्वांस सामावून घेणें १० आणि लौकिक १०. लौकिक म्हणजे काय? अध्यापकांस व नोकऱ्या देणाऱ्या मालकांस विचारावयाचें, तुमच्या मतें थोर कोण? १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचें नांव सर्वांच्या कानीं आहे. २०११ सालीं गडचिरोलीस निघालेल्या गोंडवाना विद्यापीठाचें नांव दिल्लीच्या कोणत्या मालकाच्या ओठीं येणार? ज्याचा वाडा जुना त्याचा पाट वर, हीच ती जुनी पंगत!

आतां सामावून घेण्याचे दहा गुण पाहा. त्यांतील शेंकडा ३० हिस्से परप्रांतीय व परदेशी विद्यार्थ्यांकरितां, ३० स्त्रियांकरितां, २० अपंगांच्या सोयींकरितां. आणि आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागासलेल्यांकरितां २०. म्हणजे शंभरांत अवघे दोन गुण! लौकिकास दहा, लोकांस दोन! स्त्रियांच्या व अपंगांच्या हिश्श्याबद्दल आमची तक्रार नाहीं. सावित्रीबाईंचें नांव घेणारानें ती करूंही नये. पण गोंड-माडियांच्या पोरांस त्यांच्याच मुलखांत शिकविण्याचें मोल दोन गुणांत आटपावें, आणि दूरच्या प्रांतांतील सधनांचीं मुलें आणण्यास तीन गुण असावेत, हा न्याय कोणता?

कोणी म्हणेल, मग मोजमापच नको काय? हवें, अवश्य हवें. जेथें प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षें ओस पडल्या आहेत, तेथील पितळ उघडें पडलेंच पाहिजे. पण जागा भरण्याची परवानगी अडवून धरतें राज्य सरकार, गुण कापतें केंद्राचें खातें, आणि शिक्षा भोगतो बिचारा विद्यार्थी! ह्यास कारभार म्हणावें कीं थट्टा?

आमचें म्हणणें एवढेंच कीं माप खरें असावें. वकिलाच्या मुलास वकील करणें आणि ज्याच्या घराण्यांत कोणीं पाटी धरली नाहीं त्यास पदवीपर्यंत नेणें, ह्या दोहोंतील मेहनत सारखी नाहीं. विद्यार्थी पोंचला कोठें तें यादींत मोजलें जातें. निघाला कोठून तें कोणी विचारीत नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं गाऱ्हाणें मांडलें होतें कीं, रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. त्यानंतर कॉलेजांचीं दारें पुष्कळ उघडलीं हें खरें. परंतु मापटें अजून वरच्यांच्याच हातीं आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. घराण्यांतील पहिले पदवीधर किती निघाले ह्याचे निराळे गुण ठेवा; लौकिकाचे गुण तिकडे वळवा; आणि नंबर लावण्याआधीं रिकाम्या जागा भरा. नांव नोंदविलेल्या आमच्या पदवीधर बंधुभगिनींस विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकींत मत आहे. उमेदवार दारीं आला कीं त्यास विद्यापीठाचा नंबर विचारूं नका. आमचीं किती पोरें आंत घेतलीं, आणि त्यांतील किती पदवी घेऊन बाहेर पडलीं, एवढेंच विचारा. उत्तर नसेल त्यास मत देऊं नका.