वीस वर्षांचा आराखडा, अडीच वर्षांचा महापौर

मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे देशातील ही सर्वांत धनाढ्य महानगरपालिका लोकनियुक्त प्रतिनिधींवाचून चालली. पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि नवी निवडणूक ती मुदत संपण्यापूर्वीच पुरी झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे २४३ यू हे कलम स्पष्ट सांगते. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभाग २२७ की २३६ हे वाद खोटे नव्हते. परंतु त्यांचा घोळ इतका लांबला की, अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्यास फर्मावावे लागले. आणि तीही मुदत पाळली गेली नाही.

या चार वर्षांत नळाला पाणी आले, कचरा उचलला गेला, रस्ते खोदले गेले. (किती बुजविले गेले, हा प्रश्न निराळा.) त्यामुळे नगरसेवक नव्हते तर बिघडले काय, असे सुशिक्षित मध्यमवर्गातही बोलले जाऊ लागले. नगरसेवकांच्या कारभाराचा पूर्वानुभव पाहता या प्रश्नामागचा वैताग समजण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मात्र अर्थसंकल्पाच्या वहीत शोधावयास हवे.

१८८८ च्या कायद्याने घालून दिलेली रीत अशी की, आयुक्तांनी जमाखर्चाचे अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावेत, समितीने ते पारखावेत आणि मग सभागृहाने मंजूर करावेत. खर्च करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा, हे त्यातील मर्म. प्रशासकाच्या राजवटीत आयुक्त हाच प्रशासक झाला. हाताखालच्या अतिरिक्त आयुक्ताने अर्थसंकल्प सादर करावयाचा आणि वरिष्ठाने तो स्वीकारावयाचा, असा हा सोहळा. सभागृह अस्तित्वात असताना मांडला गेलेला २०२२-२३ चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटी रुपयांचा होता. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींवर गेला. तीन वर्षांत दीडपटीहून अधिक झालेली ही वाढ योग्यही असेल. पण ती योग्य की अयोग्य हे सभागृहात उभे राहून विचारण्याचा अधिकार असलेला एकही माणूस त्या काळात नव्हता.

उत्पन्नाची बाजू तर सभागृह असतानाच पालिकेच्या हातून निसटत चालली होती. जकात हा पालिकेचा रोजचा, स्वतःचा पैसा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून मिळणारी भरपाई आली. २०२२ च्या प्रारंभी, पालिका निवडणूक अपेक्षित असताना, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णयही राज्य सरकारनेच घेतला. औदार्य राज्याचे, तूट पालिकेची! जिचे उत्पन्न दुसराच ठरवितो, तिने पुढच्या दहा वर्षांचे बेत कशाच्या भरवशावर आखावयाचे?

आणि आखणार तरी कोण? मुंबईचा सध्याचा विकास आराखडा २०३४ पर्यंतचा, वीस वर्षांचा आहे. महापौरपदाचा कालावधी अडीच वर्षांचा, म्हणजे सारे सुरळीत चालले तरी एका आराखड्याच्या काळात आठ महापौर व्हावयाचे. त्यांतील कोणाच्याही हाती कार्यकारी अधिकार नाही. तो राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग करून पाहिला गेला, पण तो अल्पकाळातच गुंडाळण्यात आला.

महापौरपदाचे आरक्षण सोडतीने ठरते, तसेच प्रभागांचेही. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्याने ज्यांना सभागृहाचा उंबरठा कधी ओलांडता आला नसता अशा स्त्रिया तेथे पोहोचल्या. त्या तत्त्वाला बोल लावण्याचे कारण नाही. दोष आहे तो दर निवडणुकीत फिरणाऱ्या चिठ्ठीचा. गटारांची, शाळांची, जलवाहिन्यांची माहिती करून घेण्यात नगरसेविकेची पहिली दोन वर्षे जातात आणि काम हाताला लागते न लागते तोच प्रभाग दुसऱ्या प्रवर्गाकडे जातो. राजकीय पक्षांनाही दुसरी फळी तयार करण्याची निकड भासत नाही. चिठ्ठी निघाली की घरातलेच कोणी तरी उभे करावयाचे, ही वाट सोपी पडते. एकच आरक्षण दोन निवडणुकांपर्यंत कायम ठेवले तर तत्त्वाला बाध येणार नाही आणि केलेल्या कामाचा जाब त्याच मतदारांपुढे द्यावा लागेल.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षांची. ज्या सभागृहाच्या काळात ते निघाले, त्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची जवळजवळ चार वर्षे व्याज भरले ते प्रशासकांनी, आणि २०२७ मध्ये मुद्दल फेडावयाचे आहे ते तिसऱ्यांनीच.