सर्व्हर डाऊन आहे, पण का?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आठवतोय? जगभरातले विंडोजचे कॉम्प्युटर एकामागून एक निळे पडले. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्याकडे काही प्रवाशांना बोर्डिंग पास चक्क पेनाने लिहून दिले. ते फोटो आपण फॉरवर्ड केले, हसलो आणि विसरलो.

झालं काय होतं? क्राउडस्ट्राइक ही सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणारी अमेरिकन कंपनी. तिचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसून काम करतं. साधं ॲप बिघडलं तर तेवढंच बंद पडतं. कर्नलमध्ये चुकलं की अख्खं मशीन बसतं. त्या दिवशी आलेल्या एका फाइलमुळे प्रोग्राम २१ वी नोंद वाचायला गेला. मेमरीत नोंदी होत्या २०. पुढची जागा त्याची नव्हतीच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन आडवी झाली. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण ठिकठिकाणी माणसांना एकेका मशीनपाशी बसून ती हाताने काढावी लागली.

आपल्या भाषेत हा बांधाचा विषय आहे. मेमरी म्हणजे शिवार, प्रत्येकाचं वावर ठरलेलं. इथे बांधापलीकडे नुसतं डोकावलं गेलं आणि मशीन तिथल्या तिथे पडलं, म्हणून कारण लवकर सापडलं. खरा वैताग असतो बांध कोरण्याचा. प्रोग्रामने शेजारच्या जागेत काहीतरी लिहून ठेवलं, तर लगेच काहीच होत नाही. मशीन तासन् तास नीट चालतं. मग तिसराच कोणी ती बिघडलेली नोंद वापरायला जातो आणि तो पडतो. रिपोर्टमध्ये नाव येतं पडणाऱ्याचं. कोरणारा केव्हाच निघून गेलेला असतो. अशी एक चूक शोधायला जाणकार इंजिनिअरलाही आठवडे लागू शकतात.

त्यावर लिनक्सवाल्यांनी २०१५ पासून 'केसॅन' नावाची सोय कर्नलमध्ये ठेवली आहे. ती मेमरीच्या तुकड्यांभोवती मोकळ्या पट्ट्या सोडते. तिथे कोणी पाय ठेवला की जागेवरच पकडते आणि कोण, कुठून आला ते छापते. त्यासाठी आठवा हिस्सा मेमरी जाते आणि मशीन मंदावतं. म्हणून ती मुख्यतः चाचणीत वापरतात, गिऱ्हाईकाच्या मशीनवर नाही. मुद्दा काय, तर चाचणीत खर्च करायचा, म्हणजे लोकांना भुर्दंड पडत नाही.

क्राउडस्ट्राइकची चूकही त्या शुक्रवारची नव्हतीच. ती फेब्रुवारीपासून आत बसली होती. चाचणीत त्या २१ व्या रकान्यात 'काहीही चालेल' असंच भरलेलं असायचं, म्हणून ती दिसली नाही. हे आपल्याला कळलं कसं? कंपनीने ऑगस्टमध्ये कारणांचा सविस्तर अहवाल जाहीर केला. दबावाखाली केला असेल, पण केला.

आता आपल्याकडे या. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस काउंटरवरच्या ऑपरेटरवर खेकसतो. ऑपरेटर म्हणजे रिपोर्टमध्ये नाव आलेला तो पडणारा. बांध कोणी कोरला ते त्याला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. आणि आम्ही पत्रकार? 'सर्व्हर डाऊन, नागरिक त्रस्त' हा मथळा मी स्वतः कितीदा दिलाय, मोजलं नाही. कारण विचारलं नाही, हे मात्र आठवतं.

माझं म्हणणं साधं आहे. कोणतीही सरकारी ऑनलाइन सेवा दिवसभर बंद राहिली, तर महिन्याभरात एक पानी अहवाल मराठीत जाहीर व्हावा. काय बिघडलं, दोष कधीपासून होता, चाचणीत का सापडला नाही, आता काय बदललं. कोणाला फासावर द्यायला नाही, तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून. काही जण म्हणतील, त्याने हॅकरचं फावेल. दुरुस्ती झाल्यावर सांगा ना! लपवून ठेवलेला दोष हॅकरला सापडायचा तो सापडतोच, अंधारात राहतो तो आपण.

पुढच्या वेळी काउंटरवरच्या पोराला झापू नका. वरच्या साहेबाला अर्ज द्या : "सेवा बंद का पडली, ते लेखी कळवा." नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी लिहून देतो.