असं का होतं? – पाणी वाळलं, मीठ राहिलं!

दोस्तांनो, या वेळी वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. कापसाचा मुलूख तो, समुद्र कितीतरी दूर! पण सुट्टीत ही मंडळी अलिबागला गेली आणि लाटांत खेळताना बाबांचा मोबाइल हिच्या हातून पाण्यात पडला. लगेच काढला, पुसला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. आणि काय गंमत, सुरू झाला की! पण आठव्या दिवशी जो बंद पडला तो पडलाच. ती विचारते, "पाणी तर केव्हाच वाळलं होतं. मग फोन आता का बिघडला? त्यात आजीचे फोटो आहेत. आजी आता नाही."

प्रश्न मोठा हुशारीचा आहे. उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. पावसाळ्यात खड्यांच्या मिठाला पाणी सुटतं ना? तेच फोनच्या पोटात झालं!

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सहा-सात लहान चमचे. पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. मग ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि तांब्याच्या केसासारख्या बारीक वाटा हळूहळू खातात. तांदूळ मीठ थोडंच शोषतो? उलट त्याचा भुसा फोनच्या फटींत जातो. ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये सांगितलं, की ओला फोन तांदळात ठेवू नका.

आणि फोन चालू असेल, तर काम आणखी झपाट्याने बिघडतं. करून बघा. मोठ्या माणसाला सोबत घ्या. टॉर्चचे दोन सेल एकापुढे एक जोडा आणि त्यांना तांब्याच्या दोन तारा लावा. तारांची उघडी टोकं मिठाच्या पाण्यात बुडवा, एकमेकांना लागू देऊ नका. एका तारेपाशी बारीक बुडबुडे येतील. दुसरी तार झिजू लागेल, पाणी गढूळ होईल. नुसत्या नळाच्या पाण्यात मात्र फारसं काही दिसणार नाही. तुमचे दोन सेल मिळून ३ व्होल्ट. फोनची बॅटरी तर साधारण ३.७ व्होल्टची! (घरातल्या प्लगशी हा खेळ मुळीच करायचा नाही. पाणी फेकून हात धुवा.)

मग फोन समुद्रात पडला तर काय करायचं?

• आधी बंद करा. "चालतोय का बघू" म्हणून पुन्हा सुरू करू नका. चार्जरला तर लावूच नका.
• सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढा. बॅटरी निघत असेल तर तीही काढा.
• फोन बाहेरून स्वच्छ, गोड्या पाण्याने धुवा. विचित्र वाटतं ना? पण मीठ घालवायला पाणीच लागतं.
• त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि "खारं पाणी गेलंय" असं स्पष्ट सांगा. तो फोन उघडून आतलं सर्किट स्पिरिटसारख्या द्रवाने धुतो. उशीर झाला, तर धुवायला काही उरत नाही.

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे" म्हणून फुशारकी नको. ती परीक्षा गोड्या पाण्यातली असते.

बॅटरीला मात्र जपा. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात वादळाने समुद्राचं पाणी शिरलं, तेव्हा विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांनी नंतर पेट घेतला. फोनमध्ये त्याच जातीची छोटी बॅटरी असते. ती फुगली किंवा गरम झाली, तर हात लावू नका, लगेच मोठ्यांना सांगा.

आता अल्लीपूरच्या मैत्रिणीला. फोन वाचेल असं खोटं सांगत नाही. पण तो टाकून देऊ नकोस. फोटो मेमरी कार्डात असतील, तर ते कार्ड धुऊन, नीट वाळवून दुसऱ्या फोनमध्ये घालून बघ. ते बरेचदा वाचतं. फोटो फोनच्या आतच असतील, तर चांगल्या कारागिराला सांग, "फोन दुरुस्त झाला नाही तरी चालेल, एकदाच सुरू करून फोटो काढून द्या." जमेलच असं नाही, पण कधीकधी जमतं. आणि वस्तू कुणाच्याही हातून निसटते, बरं का. तू निदान 'का' विचारलंस!

बाकीच्यांनो, आजी-आजोबांचे फोटो एकाच फोनमध्ये आहेत ना? मग आजच दुसरीकडे उतरवून ठेवा.