दुकानात थंडी पंजाबची, गिऱ्हाईक पुण्याचं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की पुण्यात तुळशीबागेच्या आसपास किंवा मुंबईत दादरला, शिवणाचं सामान विकणाऱ्या दुकानांत एखादी फळी मोकळी होते. एरवी तिथे अस्तराचे तागे, इलास्टिकची बंडलं, फॉल आणि लेस असते. आता लोकरीची पाकिटं रचली जातात. गुलाबी, आकाशी, पिवळी आणि कुणी कधी न मागितलेली मोरपंखी. संक्रांत झाली की उरलेला माल पुन्हा माळ्यावर जातो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत लोकर हा असा हंगामी माल आहे. फक्त विणकामाचं सामान ठेवणारी दुकानं मोजकीच. त्यामुळे इथे टाके घालण्याआधी दुकान शोधावं लागतं, आणि ते चुकलं की पुढचं बरंच काही चुकतं.

चांगलं दुकान कोणतं, याचं उत्तर बहुतेक जण रंगांवरून देतात. शंभर रंग दिसले की दुकान चांगलं. खरं तर पाकीट उलटं करून बघावं. तंतू कोणता, वजन किती, धाग्याची लांबी किती मीटर आणि रंगाचा लॉट नंबर कोणता, या चार गोष्टी लेबलवर असतील आणि दुकानदाराला त्या ठाऊक असतील, तर रंग वीसच असले तरी तिथे परत जावं.

यातला लॉट नंबर सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत महागात पडणारा. सूत रंगवताना एका वेळी जेवढं टाकीत जातं, तेवढा एक लॉट. पुढच्या खेपेला रंग तोच, कृती तीच; पण पाणी, तापमान, वेळ यांत किंचित फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही. स्वेटर पूर्ण होऊन उन्हात गेला की छातीच्या मध्यावर आडवा पट्टा उमटतो, जणू खालचा अर्धा भाग दोन वर्षं जास्त धुतला गेलाय. ‘काकू, सेम टू सेम आहे, बिनधास्त न्या,’ म्हणणारा दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसतं. पण ‘ताई, या लॉटची पाचच पाकिटं उरलीत, यात स्वेटर बसणार नाही, टोपी-मफलर करा,’ असं सांगून स्वतःची विक्री कमी करून घेणारा दुकानदार भेटला, तर त्याचा पत्ता मैत्रिणींना द्यावा. दोन लॉट गळ्यात पडलेच, तर दोन ओळी एका गोळ्याच्या आणि दोन ओळी दुसऱ्याच्या अशा विणत गेलं की फरक विरून जातो. बाही एका लॉटची आणि धड दुसऱ्याचं, ही युक्ती मात्र फसते.

‘आत्ता दोन घेते, लागल्या तर पुन्हा येते’ ही काटकसर म्हणूनच खोटी आहे. पुन्हा येईपर्यंत लॉट संपलेला असतो, कधी कधी तो रंगच बंद झालेला असतो. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो लोकर धरावी, तान्ह्या बाळाच्या स्वेटरला शंभर ते दीडशे ग्रॅम. त्यावर एक गोळा जास्तीचा. न उघडलेलं पाकीट परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारावं. पैसे दिल्यावर उत्तर बदलतं.

म्हणजे एका कामाची लोकर एकदम घेणं शहाणपणाचं. सगळ्या आयुष्याची एकदम घेणं हा निराळा छंद झाला. जगभरातले विणणारे जिथे भेटतात त्या, २००७ साली सुरू झालेल्या रॅव्हलरी या संकेतस्थळावर घरातल्या साठ्याची नोंद ठेवायला चक्क वेगळा विभाग आहे. उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतकी लोकर जमली, हा तिकडचा आवडता विनोद. मराठी घरांत साठा वेगळ्या वाटेनं व्हायचा. मुलाला आखूड झालेला स्वेटर उसवून, लड्या करून, धुऊन, वाळवून ती लोकर ट्रंकेत जायची आणि कुणाकडे पाळणा हलणार असं कळलं की बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे, कुंची त्यातून निघायची. हा साठा कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असायचं. आजचा साठा बहुधा सेलमधून येतो आणि रंगाला भुलून येतो. अडीच पाकिटं जांभळी, तीन पाकिटं करडी, सगळ्यांची जाडी वेगळी. त्यातून एक धड वस्तू होत नाही.

साठवायचीच असेल तर निदान नीट. खऱ्या लोकरीत केराटिन असतं आणि कसरीच्या अळ्यांना तेच हवं असतं. अ‍ॅक्रिलिकला त्या तोंड लावत नाहीत. कोकणात कसरीपेक्षा ओल जास्त छळते, सुती धाग्यावर बुरशीचे ठिपके पडतात. पावसाळ्यानंतर एकदा सगळं बाहेर काढून हवेशीर जागी पसरावं, आणि गोळे करकचून गुंडाळू नयेत. ताणलेली लोकर वर्षभर तशीच राहिली की तिचा लवचीकपणा जातो. लेबल गोळ्यासोबतच ठेवावं. सहा महिन्यांनी आपण काय घेतलं होतं हे कुणालाच आठवत नाही.

दुकानात आणखी एक सापळा असतो आणि तो सुयांच्या नंबरात दडलेला आहे. निलगिरीतल्या केटी इथे बनणाऱ्या पोनीच्या सुया आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांच्यावर जुनी ब्रिटिश मोजणी रुळली. तिथे आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकी मोजणी नेमकी उलटी. तिकडची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. यूट्यूबवरच्या अमेरिकी बाईंनी ८ नंबर सांगितला आणि दुकानातून ८ नंबर आणला, की स्वेटर लहान मुलाला होतो. मिलिमीटर विचारावेत, नंबर विसरावा. भारतातच बनणाऱ्या निटप्रोच्या सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात आणि त्या जगभर जातात, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट.

टाक्यांचा नमुना विणून बघायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एक हिशेब. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतील असं धरून १०० सेंटिमीटर घेरासाठी २२० टाके घातले. हात जरा सैल असल्यामुळे प्रत्यक्षात २० च बसले. घेर झाला ११०. दोन टाक्यांच्या फरकात स्वेटर एका मापानं मोठा झाला.

आता त्या फळीवरच्या मालाकडे. तो बहुतेक सगळा लुधियानाचा. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं पाकिटांवर वर्षानुवर्षं दिसतात. लुधियाना हे देशातलं होजिअरीचं मोठं केंद्र, आणि हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर तिबेटी विक्रेते जे स्वेटर लावतात, तेही बरेचसे तिथूनच येतात. तयार स्वेटर इतका स्वस्त पडू लागल्यावर हातानं विणणं ही गरज उरली नाही, हौस झाली. पण हौसेचा माल मात्र गरजेच्या काळातलाच राहिला. आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो, त्यात मेंढीचा केस बहुधा नसतोच. ते अ‍ॅक्रिलिक असतं. खात्री करायची तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवावा. खरी लोकर केस जळल्याच्या वासानं जळते आणि राख चुरडली जाते. कापूस कागदासारखा जळतो. अ‍ॅक्रिलिक काळा धूर काढत वितळतं आणि टोकाला टणक मणी उरतो.

अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. स्वस्त आहे, मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही, रंग टिकतात. निफाडला पारा घसरल्याची बातमी छापून येते त्या आठवड्यात ते उपयोगीही पडतं. अडचण उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांची आहे. हवेतली ओल धरून ठेवण्याची लोकरीची ताकद तिच्या वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास असते, कापसाची ८ टक्क्यांच्या आसपास आणि अ‍ॅक्रिलिकची जेमतेम २ टक्के. ठाण्यात किंवा चिपळुणात जन्मलेल्या बाळाला अ‍ॅक्रिलिकची कुंची घातली की अंगावर घामोळं का उठतं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. स्वयंपाकघरात तर तो धागा नकोच. गरम पातेलं उतरवायला अ‍ॅक्रिलिकचा विणलेला रुमाल वापरला तर तो वितळून भांड्याला आणि कधी बोटांनाही चिकटतो.

इथल्या हवेला कापूस हवा. तोच दुकानात सहज मिळत नाही, आणि विदर्भ-खानदेशात कापूस पिकवणाऱ्या, इचलकरंजी-भिवंडी-मालेगावात माग चालवणाऱ्या राज्यात ही गोष्ट खटकायला हवी. सुती धागा अगदीच नाही असं नाही. तोरणं, ताटावरचे रुमाल, टेबलक्लॉथ विणायला अँकरचे बारीक क्रोशाचे गोळे पूर्वीपासून आहेत. पण त्या धाग्यानं झबलं करायला बसलं तर बाळ शाळेत जायला लागेल. मधल्या जाडीचा, मऊ पिळाचा, रंगीत सुती धागा, ज्याचं बिनबाह्यांचं जाकीट, बाळाचं दुपटं किंवा पिशवी होईल, तो मागितला की दुकानदार ‘सीझनला बघू’ म्हणतो. सुती धाग्याला सीझन कसला?

चित्र थोडं बदलतंय ते कॉलेजातल्या मुलींमुळे. जपानी पद्धतीची विणलेली खेळणी, फुलांचे गुच्छ, कीचेन करून त्या इन्स्टाग्रामवर विकतात. त्यांच्यासाठी दुकानांत ‘मिल्क कॉटन’ आलं, टी-शर्टच्या कापडाच्या पट्ट्यांचा जाड धागा आला. देशात क्रोशा करणारे हात किती आहेत याची झलक चेन्नईत २०१६ मध्येच दिसली होती. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटानं देशभरातून आलेले तुकडे जोडून ११ हजार चौरस मीटरहून मोठी चादर केली आणि गिनीजमध्ये नोंद झाली. गिऱ्हाईक आहे. फक्त मिल्क कॉटन घेताना नावावर जाऊ नये. ते बहुतेक वेळा कापूस आणि कृत्रिम तंतूंचं मिश्रण असतं. लेबल पुन्हा उलटावंच लागतं.

सुती धाग्याकडे वळताना एक हिशेब बदलतो. कापूस अ‍ॅक्रिलिकपेक्षा जड. त्यामुळे त्याच जाडीचा धागा १०० ग्रॅममध्ये कमी मीटर भरतो. नमुन्यात ३०० ग्रॅम अ‍ॅक्रिलिक लिहिलंय म्हणून ३०० ग्रॅम सूत आणलं तर दुसरी बाही कोपरापाशी थांबते. ग्रॅमवर विकणाऱ्या दुकानात मीटर विचारायची सवय गिऱ्हाइकानंच लावली पाहिजे.

मग आपल्या मेंढीचं काय, असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर काळी, चिवट आणि भरड. तिची घोंगडी पाऊस झेलते, पण गळ्याशी टोचते. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू २० मायक्रॉन जाडीच्या आसपास, दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या घरातला. स्वेटरसाठी तिची भलामण करणं हा भाबडेपणा होईल. पण आसनं, पिशव्या, घरात घालायच्या जाड चपला यांना ती उत्तम. शेटलंड बेटांवर लर्विक गावात ‘जेमिसन अँड स्मिथ’ हे दुकान स्थानिक मेंढपाळांकडून लोकर विकत घेतं आणि तिचाच धागा गल्ल्यावर विकतं. आपल्याकडे दख्खनी लोकरीला भाव नसल्यानं मेंढपाळ ती टाकून देतात. सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या अ‍ॅनिमेशनपटात हीच लोकर वापरून हीच गोष्ट सांगितली आहे, आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅनसीच्या महोत्सवात त्याला पारितोषिकही मिळालं. त्या लोकरीची एक लडी पुण्यातल्या लोकरीच्या दुकानात मागून बघावी.

दुकानदारांची बाजूही खरी आहे. शंभर रंगांचा सुती माल भरला आणि पडून राहिला तर भांडवल अडकतं. पण शंभर रंग मागतंय कोण? पांढरा, मोतिया, निळा, मेंदी एवढे चार बारमाही ठेवले तरी सुरुवात होईल. कच्चा मालही लांब नाही. टॉवेल-चादरींसाठी जाड सूत सोलापूरच्या बाजारात नेहमी लागतं. १० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) एकपदरी सूत १०० ग्रॅममध्ये साधारण १,६९० मीटर भरतं. त्याचे आठ पदर एकत्र पिळले तर १०० ग्रॅमला सुमारे २१० मीटरचा, ४ मिलिमीटरच्या सुईवर बसणारा धागा होतो. नुसते आठ पदर एकत्र धरून विणायला गेलं तर सुई मध्येच एखाद्या पदरात घुसते, म्हणून पीळ घालणारा कुणीतरी हवा. पीळ, रंग, पन्नास ग्रॅमचे गोळे आणि लॉट नंबर छापलेलं लेबल एवढंच काम उरतं. ते एखाद्या बचत गटानं घेतलं, तर पहिल्या वर्षी गुढीपाडव्याला दोन-तीन दुकानांतून विकून बघता येईल, कारण तेव्हा लोकरीची पाकिटं माळ्यावर गेलेली असतात आणि फळी रिकामी असते.