अंत्योदयाची कसोटी औषधाच्या कपाटात

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा उर्वरित गडचिरोली जिल्ह्याशी संपर्क अनेकदा तुटतो. हिवताप आणि सर्पदंशाचा हंगामही नेमका हाच. अशा वेळी आरोग्य केंद्राच्या कपाटात प्रतिविष नसेल, तर मुंबईतील संगणकावर ते खरेदी झाल्याची नोंद असून काय उपयोग?

शासकीय औषधखरेदी संगणकावर आली, हे स्वागतार्हच आहे. केंद्राची 'जेम' ही बाजारपेठ २०१६ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली आणि २०२३ मध्ये कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण निर्माण केले. साठ्याच्या नोंदीसाठी 'ई-औषधी' प्रणाली आहे. दर उघड झाले की दलालीला आळा बसतो आणि पुरवठादाराला विलंबाचा जाब विचारता येतो.

परंतु खरेदी करणारी संस्था बदलल्याने मागणी ठरविण्याची रीत आपोआप बदलत नाही. संगणकाला ठाऊक असतो तो नोंदलेला खप. गतवर्षी एखादे औषध दोन महिने उपलब्धच नव्हते, तर त्याचा खप कमी दिसतो. त्या आकड्यावरून यंदाची मागणी ठरविली, तर ती आणखी घटते. टंचाईच टंचाईला जन्म देते. एटापल्ली किंवा जिवतीसारख्या दुर्गम तालुक्यांत, जेथे नोंद पाठविण्यासाठी संपर्कजाळेही भरवशाचे नसते, तेथे हा धोका अधिक.

तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. तेथे खरेदी एकत्रित होते. मात्र प्रत्येक रुग्णालयाला ठरावीक रकमेचे पासबुक मिळते आणि जिल्हा गोदामातून आपल्या गरजेनुसार औषधे उचलता येतात. दर वरून ठरतो, गरज खालून कळते. सिकलसेल व मेंदूच्या हिवतापाचे रुग्ण असलेल्या वनक्षेत्राची निकड राज्याच्या सरासरीत हरवू द्यायची नसेल, तर हाच मार्ग आहे.

त्यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. औषध संपलेले दिवस स्वतंत्र नोंदवून मागणी काढावी. संपर्क तुटणाऱ्या केंद्रांत मृग लागण्यापूर्वी संपूर्ण पावसाळ्याचा साठा पोहोचवावा. तसेच या भागातील सर्व सेवाभावी रुग्णालयांना शासकीय दराने त्याच प्रणालीतून खरेदीची मुभा असावी. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून, तर 'सर्च' ही संस्था १९८० च्या दशकापासून येथे वनवासी बांधवांची सेवा करीत आहे. अशा संस्थांची शक्ती औषधांच्या भावाची घासाघीस करण्यात खर्ची पडू नये.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी समाजाच्या प्रगतीचे माप शेवटच्या माणसापाशी घ्यावयास सांगितले. ई-खरेदीचे यशही वाचलेल्या कोटींवर नव्हे, तर भर श्रावणात जंगलातील आरोग्य केंद्रात किती औषधे शिल्लक आहेत, यावर मोजले पाहिजे. ते मोजण्याचा आग्रह धरणे हे शासनाइतकेच जागृत समाजाचेही कर्तव्य आहे.