टिकटिक शिकू द्या, सेट आताच नको

नंदुरबारच्या एका बांधवाचे पत्र आमच्यापुढे आहे. ते मिरचीच्या पथारीवर हमाली करतात, घरधनीण त्याच पथारीवर मिरचीचे देठ खुडते. थोरला मुलगा बारावी होऊन घरी आहे. हा मुलगा रोज रात्री कानाला वायर लावून मोबाईलवर टिकटिक ऐकतो आणि वहीत इंग्रजी अक्षरे लिहितो. विचारले तर म्हणतो, "मोर्स शिकतोय, हॅम रेडिओचा परवाना काढणार, इथून जपानशी बोलणार." आता त्याने सेटसाठी पैसे मागितले आहेत. बांधवांचे प्रश्न दोनच आहेत. यातून नोकरी लागते काय? आणि पतपेढीचे कर्ज काढून सेट घ्यावा काय? शेवटी 'सप्रेम जयभीम, लवकर कळवावे' असे लिहिले आहे.

दोन्हींची उत्तरे आधीच देऊन टाकतो. नोकरी लागत नाही आणि कर्ज काढू नये. परंतु एवढे लिहून पत्र मिटवले तर त्या मुलावर अन्याय होईल. म्हणून आजचे सदर त्याच्यासाठी.

वाचकांपैकी ज्यांचे वय पन्नाशीपुढे आहे त्यांना तार आठवत असेल. आमच्या खानदेशात 'तार उनी' एवढे शब्द कानावर पडले की बाया पदर डोळ्याला लावीत, कागद उघडायच्या आधीच. गरिबाच्या घरी तार यायची ती बहुधा मयतीची. ती पुन्हा इंग्रजीत असे. वाचून घ्यायला शिकलेल्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहावे लागे आणि तो जेवत असला तर त्याचे जेवण होईपर्यंत थांबावे लागे. ती तार ज्या खुणांनी येई तीच ही मोर्स लिपी. सॅम्युअल मोर्स या अमेरिकन गृहस्थाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ती बसवली आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तिच्यातून निरोप गेला. आपल्या देशात १८५० साली कलकत्त्याजवळ प्रायोगिक तार टाकली गेली. प्रत्येक अक्षराला आखूड आणि लांब ठोक्यांची एक खूण, एवढाच तिचा कारभार. पण शिकायची ती खात्यात लागल्यावर. पोस्टाच्या तार ऑफिसात नाही तर रेल्वेत. बाहेरच्याला तिचा फक्त कडकट्ट आवाज ऐकू येई.

ती दोन्ही दारे आता बंद आहेत. बी.एस.एन.एल.ने तारसेवा १५ जुलै २०१३ पासून थांबवली. आदल्या दिवशी मोठ्या शहरांतील तार ऑफिसांपुढे शेवटची तार करायला लोकांनी गर्दी केली होती. आगगाड्यांची खबर तारेने देण्याचे दिवसही गेले. जहाजावर पूर्वी रेडिओ ऑफिसर असे, त्याला मोर्स यावीच लागे. १ फेब्रुवारी १९९९ पासून समुद्रावरही उपग्रहाची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सची सक्ती संपली. तेव्हा कोणी एजंट 'मोर्स शिका, जहाजावर नोकरी' असे सांगत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. पैसे देऊ नयेत.

मग उरले काय? उरले ते हौशी लोक. त्यांनाच हॅम म्हणतात. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या घरातून स्वतःच्या सेटवर जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचे. प्रत्येकाला एक सांकेतिक नाव मिळते. आपल्याकडे ते बहुतेक व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते. राजीव गांधींना असा परवाना होता, त्यांचे नाव व्हीयू२आरजी. पण पंतप्रधानाला जो नियम तोच हमालाच्या मुलाला. वय १२ पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते, मुलींनाही.

यात पूर्वी मोर्सवाचून दूरचे बोलता येत नसे. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक परिषदेने ही सक्ती प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडली, अमेरिकेने ती फेब्रुवारी २००७ मध्ये काढली. आपल्याकडे दोन पायऱ्या करण्यात आल्या. खालची रिस्ट्रिक्टेड, तिला मोर्स नाही. वरची जनरल, तिला मिनिटाला ८ शब्दांची मोर्स. शब्द पाच अक्षरांचा धरतात, म्हणजे मिनिटाला ४० अक्षरे, एका अक्षराला दीड सेकंद. ऐकायला सोपे वाटते, बसून पाहा. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज भरताना त्या दिवशी काय लागू आहे ते पाहून घ्यावे.

आता शिकण्याविषयी, कारण मुलगा वहीत लिहितो आहे असे पत्रात आहे आणि आम्हांला तिथेच शंका येते. पुष्कळ मुले भिंतीवर तक्ता लावतात, टिंब आणि रेघा पाठ करतात. हे डोळ्याने शिकणे झाले. मोर्स ही कानाची गोष्ट आहे. आपल्या गायन पार्टीतला ढोलकीवाला पाहा. तो ठेक्यातल्या मात्रा बोटावर मोजत बसतो काय? त्याच्या कानात बोल असतो आणि हात आपोआप पडतो. मोर्सचेही बोलच आहेत. आखूड तो डिट, लांब तो डा. डा हा तीन डिटांइतका लांब. एका अक्षरातल्या दोन ठोक्यांमध्ये एका डिटाची फट, दोन अक्षरांमध्ये तीन डिटांची, दोन शब्दांमध्ये सातांची. म्हणजे हा तालच झाला. इंग्रजीत ई हे अक्षर सर्वांत जास्त लागते म्हणून त्याला एकच डिट दिला. टीला एकच डा. क्यू क्वचित लागतो, त्याला डा-डा-डि-डा एवढी लांब खूण.

लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात एक पद्धत काढली, ती आजही चालते. पहिल्या दिवशी दोनच अक्षरे घ्यायची. पुष्कळ ठिकाणी के आणि एमने सुरुवात करतात, म्हणजे डा-डि-डा आणि डा-डा. तीही सावकाश ऐकायची नाहीत, परीक्षेहून दुप्पट वेगाने ऐकायची. वेग जास्त असला की मोजायला वेळच मिळत नाही, कानाला बोल पकडावाच लागतो. हवी तर दोन अक्षरांमधली फट वाढवून घ्यावी. शंभरातली नव्वद अक्षरे बरोबर आली की तिसरे अक्षर घ्यायचे. सकाळी वीस मिनिटे, रात्री वीस मिनिटे, रोज. रविवारी चार तास बसून सोमवारी दांडी मारणाऱ्याला मोर्स येत नाही, हे आम्ही लिहून देतो.

रेल्वेच्या तारेवर उभी हयात काढलेले आमचे एक स्नेही आहेत. ते म्हणतात की त्यांच्या काळी ठोक्याचा आवाज कट्ट असा यायचा, दोन कट्टांमधली फट ओळखून अक्षर कळायचे. रेडिओवर तसे नसते, तिथे शिट्टीसारखा सूर वाजतो आणि थांबतो. त्यांना मोबाईलवरची मोर्स ऐकवली तेव्हा पहिली दहा मिनिटे काही कळेना. मग एकदम लागले सांगायला आणि थांबेचनात. घरात असे एखादे म्हातारे असतील तर मुलांनी त्यांच्याजवळ जरूर बसावे.

बोलता येत असताना ही उठाठेव कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. याचे उत्तर गरिबाच्या कामाचे आहे. माणसाचा आवाज हवेतून पाठवायचा तर तो सुमारे अडीच-तीन हजार हर्ट्झची जागा व्यापतो. मोर्सला शे-दीडशे पुरतात. एक बादली पाणी हाताने शिंपडले तर अंगणापलीकडे जात नाही, तेच पिचकारीत भरले तर समोरच्याच्या छपरावर पडते. तसेच हे. सगळी ताकद अरुंद जागेत जाते आणि ऐकणाऱ्याचा कान खरखरीतून तेवढाच सूर वेचून घेतो. म्हणून आवाजाला जिथे शंभर वॅट अपुरे पडतात तिथे मोर्सला कधी कधी पाच वॅट पुरतात. घरातला एल.ई.डी. दिवा नऊ वॅटचा असतो, हे ध्यानात घ्या.

पाच वॅट जपानला पोहोचतात ते आकाशाच्या जोरावर. पृथ्वीच्या वर साधारण शंभर ते चारशे किलोमीटरवर सूर्याच्या उन्हाने तयार झालेले विद्युतभारित थर आहेत. लघुलहरी त्यांच्यावर आपटून खाली वळतात, जमिनीवरून पुन्हा उसळतात, आणि अशा उड्या घेत समुद्र ओलांडतात. ४० मीटरच्या पट्ट्यावर लांबचे रात्री लागते, २० आणि १५ मीटरवर बहुधा दिवसा. पलीकडचा माणूस रशियन असो की जपानी, भाषेची अडचण येत नाही. क्यूटीएच म्हणजे माझे गाव, क्यूएसएल म्हणजे पोहोच मिळाली, ७३ म्हणजे शुभेच्छा. सगळ्या जगाला हीच ठरीव अक्षरे. ज्याचे इंग्रजी तोडकेमोडके आहे त्याला इथे मान खाली घालावी लागत नाही. मागाहून दोघे एकमेकांना पोस्टाने कार्ड पाठवतात. आणि वही ठेवतात: तारीख, वेळ, पट्टा, समोरच्याचे नाव. वेळ जागतिक प्रमाणाची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्रीचे साडेअकरा म्हणजे वहीत १८ वाजता. आम्हां कारकुनांना हा भाग फार आवडला.

एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडून १४ एप्रिलला शहादा-खेतिया-सेंधवा या वाटेने गाड्या भरून लोक महूला जातात. ज्या छावणीत रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवीत होते, तिथेच सैन्याची बिनतारी शिक्षणाची शाळाही आहे. १५ मे १९४८ रोजी याच महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये देशातल्या हौशी रेडिओवाल्यांची पहिली अखिल भारतीय संघटना सुरू झाली. पुढे ती दिल्लीला गेली आणि १९५४ साली तिचे नाव अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाले. महूला जाऊन आलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आम्हांलाही अनेक वर्षे नव्हते.

हा नुसता श्रीमंतांचा छंद आहे असे म्हणणाऱ्यांना दोन आठवणी करून देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी-लातूर भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले. आणि २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या बाई आपले पथक घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या गेल्या होत्या दूरदेशीच्या हॅम लोकांशी संपर्क साधायला. फोन बंद पडले आणि याच बाईंच्या सेटवरून बेटावरची खबर मुख्य भूमीवर आली, माणसांचे ठावठिकाणे घरच्यांना कळले. हे काम मुख्यतः बोलून झाले, मोर्सने नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात तर हे जास्तच लागू आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात असे पाडे आहेत की रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. ४० मीटरची लहर सरळ वर सोडली तर ती वरच्या थरावरून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरवर खाली येते, मधला डोंगर आडवा येत नाही. पण दोन्ही टोकांना परवानाधारक माणूस हवा. आणि हे टॉवरच्या बदली नाही. टॉवर सरकारने दिलाच पाहिजे. हॅमच्या सेटवरून धंद्याचे निरोप, जाहिरात, गाणी, राजकीय वाद काहीही चालत नाही. कार्यकर्त्याला हे जड जाईल, पण नियम तो नियम.

आता त्या बांधवांच्या पैशाकडे येतो. परदेशी सेट पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जातो. तो आज घेतला तर कपाटात पडून राहील, कारण परवान्याशिवाय चालवणे गुन्हा आहे. परवान्याला परीक्षा, पोलीस पडताळणी आणि वाट पाहणे हे तिन्ही आले. मुंबईकडची परीक्षा गोराईच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनवर होत आली आहे. म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी धरून ठेवावी. अभ्यासाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत, पण विषय बारावी विज्ञानाच्या आवाक्यातला आहे: रोध, धारित्र, ट्रान्झिस्टर, अँटेना आणि कायदा. चार मुलांनी विहारात एकत्र बसून केला तर सोपा जाईल.

तोपर्यंत सरावाला मोबाईलवर फुकट सोय आहे. पाठवायचा हात बसवायला बॅटरी, एक लहान बझर आणि लोखंडी पट्टीची घरी केलेली चावी पुरते, त्याला परवाना लागत नाही. परवाना हातात आल्यावर सेट स्वतः जोडावा. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी बिटएक्स नावाच्या सेटचा नकाशा सर्वांसाठी खुला ठेवला आहे, साध्या सुट्या भागांतून तो देशोदेशीच्या लोकांनी घरी बनवला. मात्र बिटएक्स मूळचा बोलण्यासाठी आहे, नुसत्या मोर्सचा सेट त्याहून सोपा व स्वस्त पडतो. रिस्ट्रिक्टेड आधी द्यावी, जनरल मागाहून.

अँटेनाला ४० मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर तांब्याची वायर लागते, मधोमध तोडलेली, दोन बांबूंवर ताणलेली. ती विजेच्या खांबावरच्या तारांपासून लांब बांधावी, खाली पडली तरी त्यांना लागणार नाही इतकी लांब. आणि आभाळात गडगड सुरू झाली की वायर सेटमधून काढून घराबाहेर टाकावी, भिंतीला नुसती अडकवून ठेवू नये.