बाळंतपण करणारे हात जपा

शेतकरी बंधूंनो, फवारणीला हातमोजे घाला हे मी नेहमीच सांगतो. पण गाय अडली की आपण उघडाच हात घालतो, मीही घातलाय. त्यातून ब्रुसेल्लोसिस माणसाला जडतो.

मुंबईत परळला १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तसंच १९२६ सालचं वाडिया प्रसूतिगृहही. दोन्हीकडे नियम एकच हवा : उघड्या हातानं बाळंतपण नाही. रक्त व गर्भजलातून 'ब' आणि 'क' कावीळ, एचआयव्ही नर्सबाईंना होऊ शकतो. आजार चेहऱ्यावर लिहिलेला नसतो, म्हणून काळजी प्रत्येक वेळी घ्यायची.

हातमोजे, एप्रन, मास्क, चष्मा, बंद बूट हवेतच. 'ब' काविळीची लस आधीच घ्यावी. सुई टोचली तर जखम पिळू नये, साबण-पाण्यानं धुवावी. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या लगेच, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्याव्यात.

पंपाच्या वॉशरसाठी आपण तालुक्याला धावतो. मग आपल्या लेकीसुनांची सुटका करणाऱ्या नर्सबाईंकडे हातमोजे किती उरलेत, हे सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी उपकेंद्रात जाऊन पाहावं. पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचाराच.